धर्माच्या रकान्यात काय लिहावे?



जून महिना लागला की शाळेत पहिलीचे प्रवेश सुरू होतात. मांडव्याच्या आजूबाजूच्या वाड्यांतून आईबाप मुलांचा हात धरून येतात. कोणी मुंबईच्या लाँचवर माल चढवणारा, कोणी शहरातल्या लोकांच्या बंगल्यावर राखण करणारा, कोणी दुसऱ्याच्या नारळी-पोफळीत राबणारा. अर्ज भरून घेण्याचे काम बहुतेक वर्षी माझ्याकडे असते. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख इथपर्यंत सारे सुरळीत चालते. मग 'धर्म' आणि 'जात' हे दोन रकाने येतात आणि आपल्या बौद्धवाडीतला माणूस तिथे थांबतो.

गेल्या वर्षी असेच एक कुटुंब आले होते. बुद्धपौर्णिमेला दीक्षा घेऊन महिनाही झाला नव्हता. मुलाची आई हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, घरात बुद्धाची मूर्ती बसवलीय, देव्हारा काढलाय. पण इथं हिंदूच लिहा. नायतर पोराची शिष्यवृत्ती जाईल." मागे उभा असलेला तिचा सासरा तडकला. "अजिबात नाय! बौद्ध लिहा. आणि जातीचा रकाना मोकळा सोडा. ती घाण आता पुन्हा लावून घ्यायची नाय आपल्याला."

दोघांचेही अर्धे म्हणणे बरोबर होते आणि अर्धे चूक. पण असे नुसते सांगून त्यांचे समाधान झाले नसते. आईची भीती खरी होती, आजोबांची चीडही खरी होती. आपल्या किती घरांत हा वाद होतो ते मला ठाऊक आहे. म्हणून या पाठात त्या दोन रकान्यांचाच अभ्यास करू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आजवर आपल्याला जी नावे मिळाली त्यांतली बहुतेक दुसऱ्यांनी ठेवलेली होती. आपल्या पूर्वजांच्या नावामागे 'नाक' लागे. कोरेगाव-भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ते आजही वाचायला मिळते. पुढे 'अस्पृश्य' आले, सरकारी कागदावर 'दलित वर्ग' आले आणि गांधीजींनी 'हरिजन' रूढ केले. हा शेवटचा शब्द कायद्यात घालण्याचा प्रसंग मुंबईच्या विधिमंडळात १९३८ च्या जानेवारीत आला. लोकल बोर्डाच्या कायद्याला दुरुस्ती होती. दादासाहेब गायकवाडांनी त्या शब्दाला विरोध केला. ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच ते नको आहे, एवढा साधा मुद्दा होता. बहुमताने शब्द कायम ठेवला, तेव्हा प. पू. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग कशाला, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले असेल. पण ज्याला आपले नाव ठरवता येत नाही त्याला आपला हक्कही ठरवता येत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

कोकणात आपण राहतो त्या वस्तीला 'महारवाडा' म्हणत. दीक्षेनंतर आपल्याच माणसांनी तिला 'बौद्धवाडी' केले. त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही, ठराव केला नाही. एस.टी.च्या कंडक्टरला "बौद्धवाडीचं तिकीट द्या" म्हणून सांगत राहिलो, पत्रावर तसा पत्ता लिहीत राहिलो आणि नाव बसले. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी जे स्वतः केले ते शासनाला पुष्कळ मागाहून सुचले.

कागदावरचे नाव आणि प्रत्यक्षातली वागणूक यांचे नाते फार चमत्कारिक असते. आपला जिल्हा तर त्याची साक्षच आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली पास झाला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना मोकळे केले. कागद तयार होता. पण ओंजळभर पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी शेणमूत्राच्या १०८ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्या परिषदेला निघाले, तेव्हा धरमतरच्या मार्गावरचे मोटारवाले आपल्या लोकांना घेईनात. म्हणून ते 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. ती बोट याच आपल्या किनाऱ्यापुढून दक्षिणेला गेली. मांडव्याच्या धक्क्यावर उभा राहिलो की मला नेहमी तिची आठवण येते. ज्या परिषदेला ती गेली तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा कोर्टातला निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयात. कायद्याने उघडलेले तळे माणसांसाठी खऱ्या अर्थाने उघडायला असा वेळ लागला.

आता आपल्या रकान्याकडे येऊ.

राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश १९५० साली निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा अर्थ असा होता की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात दुरुस्ती होऊन शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या लोकांनी आदेशाचा तिसरा परिच्छेद वाचला होता का? बहुतेकांना वाचताच येत नव्हते. पण बौद्ध झालो तर राखीव जागा जाईल, नोकरी जाईल, हे त्यांच्या कानावर नक्की होते. तरी ते बौद्ध झाले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या जनगणनेत ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्या. यातल्या प्रत्येकाने रकान्यात 'बौद्ध' लिहिताना काहीतरी गमावण्याची तयारी ठेवली होती.

आणि गमावलेही. सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. तुम्हीच म्हणता बौद्ध धम्मात जात नाही. मग तुमची जात गेली. जात गेली तर जातीमुळे मिळणारी सवलतही गेली. त्यात दोष काय?

दोष असा की, जात आम्ही सोडली होती, गावाने सोडली नव्हती. धम्मात जात नाही हे खरे, पण विहिरीवर, हॉटेलातल्या वेगळ्या कपात, भाड्याच्या खोलीसाठी फिरताना ती होतीच. मेलेले ढोर ओढणे बंद केले, गावकीची कामे सोडली म्हणून कित्येक गावांत आपल्या लोकांवर बहिष्कार पडले. म्हणजे दीक्षेने आपल्या मनातली बेडी तुटली, पण दुसऱ्याच्या हातातली काठी तशीच राहिली. सवलत त्या काठीच्या माराची भरपाई होती.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या आणि 'नवबौद्ध' हा शब्द सरकारी कागदावर आला. (मला तो शब्द आवडत नाही. साठ वर्षांनंतरही माणूस 'नवा' कसा राहतो?) पण केंद्राच्या नोकऱ्या आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांची दारे बंदच राहिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४ च्या डिसेंबरात देशभर सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. त्या मागण्यांत भूमिहीनांच्या जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतीही होत्या. तरीही १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, संसदेने कायदा करून १९५० च्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे. या काळात शाळेत असलेली आपली एक अख्खी पिढी रकान्यात काय लिहावे या कोड्यात वाढली. कोणी घरी बौद्ध आणि कागदावर हिंदू राहिले. त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही, त्यांच्या पोटाला चिमटा होता. पण त्यामुळे झाले काय, की जनगणनेत आपली संख्या खरी कधी उतरलीच नाही.

हा अनुभव जगात आपल्या एकट्याचाच असेल असे मला पूर्वी वाटे. बी.ए.च्या वर्गात असताना अमेरिकेतल्या नीग्रोंच्या लढ्याविषयी वाचले होते, कारण 'दलित पँथर' हे नाव तिथल्या 'ब्लॅक पँथर'वरून आले हे सर्वांना माहीत होते. पण त्याच अमेरिकेत आणखी एक समाज आहे. त्याची गोष्ट आपल्या रकान्याच्या फार जवळची आहे.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध झाले आणि १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया त्यातच आले. टेक्सास त्याआधी तीन वर्षे घेतलेला होता. तिथे राहणारी मेक्सिकन माणसे जागची हलली नव्हती, सरहद्दच त्यांच्या अंगावरून पलीकडे गेली. तहात त्यांना नागरिकत्व आणि मालमत्तेचे रक्षण कबूल केले होते. कागद इथेही चांगलाच होता. प्रत्यक्षात त्यांच्या जमिनी गेल्या आणि पुढे मेक्सिकोतून मजुरीला आलेल्यांसह ते मळ्यांतले मजूर झाले. त्यांची मुले वेगळ्या 'मेक्सिकन शाळां'त जाऊ लागली. वर्गात आपली स्पॅनिश भाषा बोलले तर छडी बसे.

जनगणनेत त्यांचे काय झाले ते पाहा. १९३० साली 'मेक्सिकन' असा वेगळा वंश धरून त्यांची मोजणी केली. त्यावर ओरड झाली आणि १९४० पासून त्यांना पुन्हा 'गोरे' धरू लागले. कागदावर ते गोऱ्यांत गेले, म्हणजे वरच्या रकान्यात चढले. मग त्यांचा छळ थांबला का?

त्याचे उत्तर टेक्सासच्या एका खटल्याने दिले. पीट हर्नांडेझ नावाच्या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्याच्या वकिलांनी आक्षेप घेतला की, या जिल्ह्यात पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्यूरीवर नेमलेला नाही. टेक्सास राज्याने उत्तर दिले की, मेक्सिकन हे कायद्याने गोरेच आहेत, ज्यूरीही गोऱ्यांची आहे, मग पक्षपात कसला? हे उत्तर वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले. 'बौद्धांत जात नाही, मग तुम्हाला सवलत कसली' हेच वाक्य दुसऱ्या भाषेत होते. ज्या कोर्टात हा युक्तिवाद चालला त्याच इमारतीत दोन वेगळे संडास होते, आणि त्यातल्या एकावर काळ्यांसाठीच्या पाटीखाली स्पॅनिशमध्ये 'पुरुषांसाठी इकडे' असे लिहिलेले होते. कागदाने गोरा झालेला माणूस शौचाला मात्र वेगळा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ मे १९५४ रोजी हर्नांडेझच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की, कागदावर वर्ग कोणता लिहिला आहे एवढे पाहून भागत नाही. त्या ठिकाणचा समाज त्या माणसांना वेगळे काढून वागवतो की नाही हे पाहावे लागते, आणि वागवत असेल तर घटनेचे संरक्षण त्यांना लागू होते. आपल्या संसदेला जे १९९० साली पटले ते हेच होते.

शाळेच्या प्रवेशाचा म्हणाल तर त्यांच्याकडे एक प्रसंग असा आहे की प्रत्येक शिक्षकाने वाचावा. कॅलिफोर्नियात मेंडेझ नावाच्या कुटुंबाची मुले शाळेत नाव घालायला आत्याबरोबर गेली. आत्याच्या मुलांचा रंग उजळ होता आणि आडनाव फ्रेंच वळणाचे होते, त्यांना प्रवेश मिळाला. मेंडेझ मुलांना 'मेक्सिकन शाळे'त जा म्हणून सांगितले. एकाच घरची मुले, पण आडनाव आणि रंग पाहून टेबलावरच्या माणसाने निकाल लावला. आत्याने आपलीही मुले तिथे घातली नाहीत. गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ यांनी दावा लावला, १९४६ साली जिंकला, १९४७ साली अपिलातही तो टिकला. पुढे त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी शाळांतला वेगळेपणा काढून टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. ते गव्हर्नर म्हणजे अर्ल वॉरन. हर्नांडेझचा निकाल दिला तेव्हा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत काळ्या मुलांच्या शाळांचा प्रसिद्ध 'ब्राऊन' निकाल दिला तेव्हा सरन्यायाधीश तेच होते.

या समाजातल्या जुन्या पुढाऱ्यांपैकी अनेकांना 'आम्हाला गोरे म्हणा' एवढेच हवे होते. पण १९६० नंतरच्या तरुण मुलांना ते पटेना. त्यांनी स्वतःसाठी 'चिकानो' हे नाव उचलले. 'मेहिकानो' म्हणजे मेक्सिकन या शब्दाच्या जुन्या 'मेशिकानो' उच्चारावरून तो आला असे बहुतेक मानतात. खालच्या थरातल्या मजुराला हिणवायला तो वापरत, त्यांच्यातलेच शिकलेसवरलेले लोकही वापरत. मुलांनी तोच शब्द छातीवर लावला. १९६८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या हायस्कुलांतून हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. आमचा इतिहास शिकवा, आमच्या समाजाचे शिक्षक नेमा, स्पॅनिश बोलल्याबद्दल मारू नका, या त्यांच्या मागण्या होत्या. मुलांच्या पाठीशी साल कॅस्ट्रो नावाचा त्यांचाच एक शिक्षक उभा होता. त्याला अटक झाली, शाळेतून दूर केले. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण मंडळाच्या कचेरीत ठिय्या दिला तेव्हा कुठे त्याला परत घेतले. माझ्या पेशातला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. (आपल्याकडे असा प्रसंग आला तर आपण शिक्षक काय करू, याचा विचार करून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.)

आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा हेच घडले. 'दलित' म्हणजे दडपलेला हा शब्द तरुणांनी अभिमानाने लावला आणि मारणाऱ्याकडे बोट दाखवले. पण तिथेच वाद उभा राहिला. राजा ढाले यांचा ओढा बुद्धाकडे, नामदेव ढसाळ यांचा डाव्या विचाराकडे. १९७४ साली फूट पडली. आज मागे वळून पाहताना मला त्या वादातले दोन्ही बाजूंचे सत्य दिसते. 'दलित' किंवा 'चिकानो' हा शब्द आपल्याला काय सोसावे लागले ते सांगतो. 'बौद्ध' हा शब्द आपण कोणत्या वाटेने जाणार ते सांगतो. चिकानोंनी धर्म बदलला नाही. त्यांच्या मोर्च्याच्या पुढे ग्वादालुपेच्या मातेचे चित्र असे, जुन्याच श्रद्धेतून त्यांनी बळ काढले. आपली जुनी श्रद्धाच आपल्या गळ्यातला फास होती, म्हणून बाबासाहेबांनी दुसरा मार्ग धरला. म्हणूनच 'बौद्ध' हे नाव रकान्यात लिहिणे सोपे आणि घरात चालवणे अवघड आहे. पंचशील म्हणायचे, २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावायच्या आणि मुलगा आजारी पडला की भगताकडे जायचे, असे जिथे चालते तिथे रकाना कितीही बरोबर भरला तरी उपयोग काय?

नुसत्या नावाने हक्क मिळत नाही, ही गोष्टही त्या समाजाने दाखवली. कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावी द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप १९६५ च्या सप्टेंबरात सुरू झाला. तो आधी लॅरी इटलियाँगच्या पुढाकाराने फिलिपिनो मजुरांनी पुकारला होता. आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस उएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. मालकांची पद्धत अशी की, एका जमातीने संप केला की दुसऱ्या जमातीचे मजूर कामावर आणायचे. ती या एकजुटीने मोडली. १९६६ साली डेलानो ते सॅक्रामेंटो असा तीनशे मैलांवरचा मोर्चा पायी गेला. द्राक्षावर देशभर बहिष्कार पडला आणि १९७० साली मालकांनी करार केले. पाच वर्षे लागली.

पाच वर्षांचा संप म्हटला की आपण तोंडात बोट घालतो. पण आपल्याच अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, हे आपल्या मुलांना कोण सांगते? चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही असे ठरवले. पुढारी नारायण नागू पाटील, आणि संपकरी बहुतेक आगरी समाजातले. माणसांनी जंगलातला लाकूडफाटा विकून, अर्धपोटी राहून दिवस काढले. १९३४ साली तिथल्या शेतकरी परिषदेला बाबासाहेब आले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनीच मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणचे शेतकरी बोटींनी मुंबईला उतरून कौन्सिल हॉलवर गेले. 'हरिजन' शब्दावरचा सभात्याग याच महिन्यातला, हे वर आले आहे. एका महिन्यात नावासाठीही आणि जमिनीसाठीही, असे बाबासाहेब लढत होते. त्या लढ्यात आगरी, कुणबी आणि महार एका बाजूला होते. आज गावच्या राजकारणात आपल्याला एकमेकांपासून तोडतात तेव्हा चरीचे नाव काढावे, जुन्या माणसांचे डोळे लगेच पाणावतात.

संपाच्या काळात डेलानोच्या मजुरांनी ट्रकच्या फळीवर नाटके केली. लुईस वाल्देझने १९६५ साली काढलेली ती मंडळी होती. मजूरच नट, कोणाच्या गळ्यात 'मालक' अशी पाटी, कोणाच्या गळ्यात 'संपफोड्या'. वाचताना मला आपले आंबेडकरी जलसे आठवले. भीमराव कर्डकांसारख्या जलसेकारांनी तमाशाचा साज तोच ठेवून गण-गौळणीऐवजी बाबासाहेबांचा विचार लोकांपुढे नेला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना महाड आणि नाशिक कळले ते अशा जलशांतून. आज जयंतीला आपण डीजे लावतो. त्याचे पैसे वाचवून एखादा जलसा बोलवावा असे मला वाटते, पण हा विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

आता त्या आई आणि आजोबांना मी काय सांगितले ते सांगतो.

आईला सांगितले की, १९९० पासून बौद्ध धर्म लिहिल्याने अनुसूचित जातीची सवलत जात नाही. केंद्रातही नाही, राज्यातही नाही. ही भीती आता फक्त सवयीने राहिली आहे. उलट घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू राहिलो तर पुढे दाखल्यांत मेळ बसत नाही आणि मुलालाच खुलासे देत बसावे लागते. शाळेत असतानाच नोंद दुरुस्त करणे सोपे असते, शाळा सोडल्यावर ती बदलायला फार हेलपाटे पडतात.

आजोबांना समजावणे अवघड गेले. त्यांना सांगितले की, 'बौद्ध' हे जातीचे नाव नाही, ते धर्माचे नाव आहे. अनुसूचित जातींच्या यादीत जातीचे नाव असते, आणि सवलतीचा दाखला त्या नावावर निघतो. म्हणून जातीचा रकाना मोकळा ठेवला तर नातवाचा हक्क अडेल. तिथे 'महार' लिहिणे म्हणजे आपण स्वतःला महार मानतो अशी कबुली नव्हे. समाजाने आपल्याला काय म्हणून वागवले त्याची ती नोंद आहे. फौजदार पंचनाम्यात जखम कुठे आणि किती ते लिहितो, तशी. हर्नांडेझच्या वकिलांनी न्यायालयात 'मेक्सिकन' हाच शब्द लावून धरला होता, 'गोरा' म्हणवून घेतले असते तर खटला तिथेच संपला असता.

मग कागदांची गोष्ट निघाली. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्याकडून मिळतो आणि पुढे पडताळणी समितीकडून तो तपासून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात यांचा पुरावा पाहतात. म्हणून पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, वतनाच्या जमिनीचा कागद, जे काही ट्रंकेत असेल ते जपून ठेवा. दीक्षेच्या उत्साहात 'ही जुनी घाण' म्हणून असे कागद जाळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. जाळायचे ते बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळून दिले, आपले दाखले जाळू नका. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसासाठी राज्यात दाखल्याचा वेगळा नमुना आहे, तो मागून घ्या. केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करताना केंद्राचा नमुना लागतो, दोन्ही काढून ठेवलेले बरे. जी कुटुंबे भटक्या-विमुक्तांतून किंवा इतर मागासवर्गातून धम्मात आली, जसे २७ मे २००७ रोजी मुंबईत लक्ष्मण माने यांच्याबरोबर अनेक जण आले, त्यांच्या याद्या आणि नियम वेगळे आहेत. त्यांनी आपल्या तालुक्याच्या कचेरीत स्वतंत्र चौकशी करावी.

जनगणनेचेही सांगून ठेवतो. २०११ च्या मोजणीत देशात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध निघाले, त्यांतले ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात. २००१ साली राज्याच्या लोकसंख्येत आपण सहा टक्के होतो, २०११ साली ५.८ टक्के झालो. दीक्षाविधी वाढत असताना टक्केवारी घटली, याचा अर्थ पुष्कळ घरांतून गणकाला चुकीचे उत्तर गेले, किंवा गणकाने न विचारता 'हिंदू' टाकले आणि आपण ते पाहिले नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि तिच्यात सर्वांच्या जातीची नोंद करण्याचे शासनाने जाहीर केले आहे. गणक दारात येईल तेव्हा घरात बहुधा बायाच असतील, पुरुष कामावर. म्हणून हे आया-बहिणींनीच लक्षात ठेवायचे आहे. धर्म विचारला की 'बौद्ध'. जात विचारली की दाखल्यावर आहे ती जात, आणि अनुसूचित जाती. 'नवबौद्ध' सांगू नका, 'बौद्ध' हे जातीच्या जागी सांगू नका. गणकाने काय लिहिले ते बघायला मागा.

आजोबा सगळे ऐकून काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर फाटलेला एक कागद होता, त्यांच्या वडिलांचा, १९३८ सालचा. चौथी पास झाल्याचा. जातीपुढे 'महार' आणि धर्मापुढे 'हिंदू' असे मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेले. तो त्यांनी टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, "ह्याची झेरॉक्स काढा गुरुजी. आणि वर बौद्ध लिहा, खाली ते लिहा." मी नातवाच्या अर्जात धर्मापुढे 'बौद्ध' आणि जातीपुढे 'महार (अनुसूचित जाती)' लिहिले. पालकाच्या सहीच्या जागी सुनेने सही केली. आजोबांनी तो अर्ज दोनदा वाचून पाहिला, पेन मागून घेतले आणि वाडीच्या नावात माझ्याकडून राहिलेला 'बौद्धवाडी' हा शब्द पत्त्यात स्वतःच्या हाताने घातला.

जय भीम.